खेळ तुमचा, पण कागद कोणाच्या नावावर?

रविवारी सकाळी माझ्याकडे माणसे येतात ती हातात कागद घेऊन. कुणाच्या रेशनकार्डावर सुनेचे नाव चढलेले नसते, कुणाचा फंड अडकलेला असतो, कुणाला जातपडताळणीचा अर्ज भरून हवा असतो. मी पेशाने कारकून. वीस वर्षे फायलींत घालवल्यावर माणसाला दुसरे काही येवो न येवो, कागद वाचता येतो. पण गेल्या पावसाळ्यात ताईचा मुलगा आपल्या दोन मित्रांना घेऊन आला, तेव्हा तिघांच्या हातात एकही कागद नव्हता आणि भांडण मात्र कागदाचेच होते.

या तिघांनी दोन वर्षे खपून एक व्हिडिओ गेम तयार केला होता. पहाटे चारला चाळीच्या नळाला पाणी येते आणि चाळीस मिनिटांत जाते. तेवढ्यात तीन मजले चढ-उतार करून घरातली सगळी भांडी भरायची, शेजारच्या म्हातारीचा हंडाही भरायचा आणि जिन्यात कुणाला धक्का लावायचा नाही, असा तो खेळ. मी खेळून पाहिला. दुसऱ्या मजल्यावरच माझा हंडा सांडला. आयाबहिणींच्या मनात लगेच शंका येईल म्हणून आधीच सांगतो, हा पैसे लावायचा खेळ नव्हे. त्या धंद्याने कितीतरी घरे धुऊन नेली आणि २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. हा खेळ म्हणजे पोरांची कारागिरी आहे. पुस्तक किंवा सिनेमा विकतात तसा तो विकायचा.

भाच्याने प्रोग्रॅम लिहिला, दुसऱ्याने आवाज आणि संगीत सांभाळले, तिसऱ्याने चाळ, जिना, भांडी, माणसे अशी सगळी चित्रे काढली. हा तिसरा मुलगा वडिलांचे काम सुटल्यामुळे आठ महिन्यांपूर्वी यातून बाहेर पडला. आता तो पार्सल पोहोचवण्याचे काम करतो. त्या दिवशीही कामाचा टी-शर्ट घालूनच आला होता. बाकीच्या दोघांचे म्हणणे, हा मधेच सोडून गेला, मग त्याचे नाव कशाला द्यायचे आणि वाटा कशाला? त्याचे म्हणणे एकच, "काका, मग माझी चित्रं काढून टाकायला सांगा." भाचा गप्प बसला, कारण चित्रे काढली तर खेळात उरते काय?

मी त्यांना म्हटले, निवाडा नंतर करू, आधी एक मॉस्कोची गोष्ट ऐका.

१९८४ साली सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सी पाजित्नोव्ह नावाचा एक पगारी माणूस काम करीत होता. इलेक्ट्रोनिका ६० नावाच्या यंत्रावर त्याने वरून पडणारे तुकडे रचत जायचा खेळ तयार केला. त्या यंत्राला चित्रे काढता येत नव्हती म्हणून तुकडे त्याने कंसाच्या चिन्हांनी दाखवले. हाच टेट्रिस. आमच्या पिढीने नव्वदच्या दशकात जत्रेत आणि स्टेशनाबाहेर मिळणाऱ्या प्लास्टिकच्या डबीवर 'ब्रिक गेम' म्हणून जो खेळला, तो याचाच भाऊबंद. पाजित्नोव्हने आपले हक्क दहा वर्षांसाठी सरकारी केंद्राला दिले. खेळ जगभर गेला, १९८९ पासून निन्टेन्डोच्या गेम बॉय यंत्राबरोबर घरोघर पोहोचला, कंपन्या मालामाल झाल्या. तो खेळ निर्माण करणाऱ्याला मात्र रॉयल्टी म्हणून काही मिळत नव्हते. १९९१ साली तो अमेरिकेत गेला आणि १९९६ मध्ये हेन्क रॉजर्सबरोबर टेट्रिस कंपनी उभी राहिली, तेव्हा कुठे त्याच्या हाती आपल्याच खेळाचे पैसे पडू लागले. म्हणजे बारा वर्षांनी.

याच गोष्टीत कागदाचे दुसरे प्रकरण आहे आणि कारकून म्हणून मला ते फार आवडते. रॉबर्ट स्टाइन नावाच्या मध्यस्थाने पक्का करार हातात येण्याआधीच टेट्रिसचे हक्क पुढे विकून टाकले होते. फेब्रुवारी १९८९ मध्ये मॉस्कोच्या इलोर्ग या सरकारी संस्थेने त्याच्यापुढे सुधारित करार ठेवला. पैसे उशिरा भरल्याच्या दंडाचे कलम त्यात होते, स्टाइनचे सगळे लक्ष तिकडे गेले. एका ओळीत 'संगणक' म्हणजे काय याची व्याख्या होती, की ज्याला कीबोर्ड, मॉनिटर आणि डिस्क ड्राइव्ह असते तो संगणक. त्याने सही केली. टीव्हीला जोडून खेळायची यंत्रे त्या एका ओळीने त्याच्या हक्काबाहेर गेली आणि इलोर्गने ती निन्टेन्डोला दिली. त्याच साखळीतून हक्क घेतलेल्या अटारी गेम्स कंपनीला आपली तयार काडतुसे जून १९८९ मध्ये अमेरिकन कोर्टाच्या हुकमाने बाजारातून मागे घ्यावी लागली. सही करण्यापूर्वी प्रत्येक शब्दाची व्याख्या वाचावी, हे मी रविवारच्या माणसांना किती वेळा सांगतो! आता मॉस्कोचा दाखलाही देतो.

आता आपल्याकडचा कायदा. स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ चा. त्यात संगणकाचा प्रोग्रॅम हा साहित्यकृतीत मोडतो, म्हणजे कायद्याच्या नजरेत भाचा लेखक ठरला. नोंदणी सक्तीची नाही, कृती निर्माण झाली की हक्क आपोआप जन्मतो. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेले काम मालकाचे, असे कलम १७ सांगते, वेगळा करार असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा दिवसा सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी आणि रात्री घरी स्वतःचा खेळ असे ज्यांचे चालते, त्यांनी आपले नेमणूकपत्र काढून नीट वाचावे. रात्रीच्या कामावरही हक्क सांगणारी ओळ काही पत्रांत असते.

पण आमचा चित्रकार कुणाच्या पगारावर नव्हता. म्हणून त्याची चित्रे त्याचीच. तो निघून गेला तरी त्याचीच. हक्क दुसऱ्याकडे द्यायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. तोंडी 'घे रे, वापर' याने हक्काचे हस्तांतर होत नाही. त्यातही मुदत लिहिली नाही तर पाच वर्षेच धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतात. खेळ इंटरनेटवरून साऱ्या जगात विकायचा आणि कागदावर हक्क फक्त भारतापुरता, अशी पंचाईत दोन शब्द न लिहिल्यामुळे होते.

वाट्याबद्दलही सांगितले. मी बीकॉमला होतो तेव्हा भागीदारीचा १९३२ चा कायदा पाठ केला होता. त्यातली एक गोष्ट अजून विसरलो नाही. भागीदारांत काही ठरलेले नसेल तर नफा समान. कोण जास्त जागला, कोण कमी, हे कायदा विचारत नाही. तेव्हा दोघांनी त्याला शून्य द्यायचे म्हटले, तरी तो तिसऱ्या हिश्श्यासाठी भांडू शकला असता. हे ऐकल्यावर खोलीतला आवाज जरा खाली आला.

नावाचा प्रश्न राहिला. पैशापेक्षा तोच जास्त बोचत होता, हे मला त्या मुलाच्या चेहऱ्यावर दिसत होते. वाचकहो, नाव न देण्याची रीत या धंद्यात पहिल्यापासून होती. अमेरिकेतली अटारी कंपनी आपल्या खेळांवर ते करणाऱ्याचे नाव छापत नसे. १९७९ मध्ये तिथले चार प्रोग्रॅमर याच कारणाने आणि मोबदल्यासाठी बाहेर पडले आणि अ‍ॅक्टिव्हिजन कंपनी निघाली. तिच्या खेळांवर करणाऱ्याचे नाव असे. वॉरन रॉबिनेट नावाच्या पाचव्याने वेगळाच मार्ग काढला. 'अ‍ॅडव्हेंचर' हा खेळ त्याने एकट्याने केला. त्यात एक गुप्त खोली ठेवली आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. पार्श्वभूमीच्याच रंगाचा एक बारीक ठिपका उचलून ठराविक जागी नेला की ती खोली उघडते, आणि आत हा खेळ वॉरन रॉबिनेटने केला असे रंगीत अक्षरांत दिसते. तो नोकरी सोडून गेल्यावर एका पंधरा वर्षांच्या मुलाने ती खोली शोधून कंपनीला पत्र लिहिले, तेव्हा मालकांना कळले.

स्वतःच्या कामावर स्वतःचे नाव चोरून लिहायची पाळी माणसावर आली. आपल्याकडे कॅसेटच्या जमान्यात काय वेगळे होते? वेष्टनावर गायकाचा मोठा फोटो, कंपनीचे नाव ठळक, आणि ज्याने गाणे लिहिले त्याचा पत्ता नाही, अशा कॅसेटी आपण सर्वांनीच विकत घेतल्या आहेत. आजच्या कायद्यात कलम ५७ आहे. हक्क विकून टाकला तरी ही कृती माझी आहे असे सांगण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. तेव्हा काम सोडून गेलेल्याचे नाव गाळणे हा नुसता कोतेपणा नाही.

त्या रविवारी तिघांनी माझ्याच टेबलावर कागद केला. चित्रकाराने आपली चित्रे या खेळात, साऱ्या जगात, पूर्ण मुदतीसाठी वापरायची लेखी परवानगी दिली. चित्रांची मालकी त्याने स्वतःकडे ठेवली, म्हणजे उद्या त्याला त्याच माणसांवर चित्रपुस्तक काढता येईल. त्याचा वाटा त्यांनी आपसात ठरवला, आकडा इथे सांगत नाही. भाचा आधी फुरंगटला, पण सही त्यानेच पहिली केली.

मग मी एक शंभर पानी वही घेतली आणि रकाने आखले. खेळातली वस्तू कोणती, केली कोणी, आणली कुठून, परवाना काय, नाव कसे द्यायचे, पुरावा कुठे ठेवला. पोरे हसली. पण वही भरायला बसल्यावर हसू मावळले, कारण निम्म्या ओळींपुढे 'माहीत नाही' असे लिहावे लागले.

मराठी अक्षरांचा फाँट त्यांनी लग्नपत्रिका छापणाऱ्या एका प्रेसच्या संगणकावरून पेनड्राइव्हवर आणला होता. प्रेसने तो पत्रिका छापण्यासाठी विकत घेतला असेल, पण म्हणून तो खेळात घालून जगाला वाटण्याचा हक्क मिळत नाही. यावर उपाय सोपा निघाला. मुंबईच्या एक टाइप या अक्षररचनाकारांच्या संस्थेचे मुक्त, बलू, मोदक असे सुंदर देवनागरी फाँट ओपन फाँट लायसन्सखाली आहेत. ते विकाऊ खेळातही घालता येतात. नुसता फाँट मात्र विकायचा नाही, आणि हक्काची सूचना व परवान्याचा मजकूर सोबत ठेवायचा. एक पैसा न जाता तो रकाना भरला.

आवाजांचे अवघड गेले. भांड्यांचा खणखणाट, पावले, कुत्र्याचे भुंकणे असे बरेच आवाज इंटरनेटवरच्या संग्रहातून घेतलेले होते. यातल्या पुष्कळांवर क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने असतात. २००२ पासून ही पद्धत आहे. फुकट मिळते म्हणजे वाटेल तसे वापरता येते असा पोरांचा समज होता. 'सीसी झिरो' असेल तर कोणतीच अट नाही. 'बाय' असेल तर कर्त्याचे नाव, मूळ ठिकाण आणि परवान्याचा उल्लेख हवाच. 'एनसी' म्हणजे व्यापारी कामाला मनाई, म्हणून विकायच्या खेळात तो चालत नाही. 'एनडी' म्हणजे काटछाट केलेली कृती वाटायची नाही. कुत्र्याचे भुंकणे 'एनसी' निघाले, ते काढले. भांड्यांच्या आवाजाचा मूळ पत्ताच सापडेना, तोही गेला. पहिल्या चाचणीच्या प्रतीत त्यांनी एका सिनेमाच्या गाण्याचे दहा सेकंद टाकले होते. दहा सेकंद चालतात हे त्यांनी कुठेतरी ऐकले होते. कायद्यात असा सेकंदांचा हिशेब कुठेच नाही. तक्रार आली आणि ती प्रत काढून टाकावी लागली.

चित्रांतही एक गोष्ट सापडली. खेळातल्या घरात भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे. आपल्या घरात असते तशी, त्याशिवाय ते घर वाटणार कसे? पण ती एका कॅलेंडरवरून गिरवलेली होती. बाबासाहेब सर्वांचे, पण कॅलेंडरचे ते चित्र ज्या चित्रकाराने काढले त्याचे किंवा ज्याने काढून घेतले त्याचे. फोटोचा हक्क फोटो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे असतो, म्हणून मुदत संपलेला फोटोच घ्यायचा असे ठरले. आमच्या चित्रकाराने तसा जुना फोटो समोर ठेवून तसबीर नव्याने काढली आणि ती पहिलीपेक्षा चांगली उतरली. दुकानाच्या पाटीवर एका शीतपेयाचे खरे नाव होते, तेही पुसून नुसते 'लिंबू सोडा' केले.

ज्या साधनावर खेळ बांधतात त्याला ही मुले इंजिन म्हणतात. आमच्या मुलांनी गोडो नावाचे इंजिन वापरले. त्याचा उगम अर्जेंटिनातला, २०१४ पासून ते एमआयटी परवान्याखाली सर्वांना खुले आहे. त्याला भाडे नाही, टक्केवारी नाही, फक्त परवान्याचा मजकूर खेळात कुठेतरी दिसला पाहिजे. अनरियल इंजिन दहा लाख डॉलरच्या पुढच्या उत्पन्नावर साधारण ५ टक्के घेते. युनिटीच्या कंपनीने १२ सप्टेंबर २०२३ रोजी जाहीर केले की ठराविक मर्यादेपलीकडे गेलेल्या खेळाच्या प्रत्येक इन्स्टॉलेशनमागे पैसे घेऊ. जगभरचे छोटे खेळकर्ते चवताळून उठले, कंपनीने अटी सैल केल्या आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो आकार रद्दच केला. रद्द झाला खरा, पण वर्षभर लोकांची झोप उडाली. म्हणून ज्या दिवशी परवाना मान्य केला त्या दिवशीच्या अटींची प्रत छापून, तारीख टाकून फाइलला लावावी.

खेळाच्या नावावरूनही रामायण झाले. पोरांना 'हंडा सागा' नाव हवे होते, ऐकायला झोकदार म्हणून. २०१४ च्या सुमारास अमेरिकेत 'द बॅनर सागा' नावाचा खेळ तिघांच्या एका छोट्या कंपनीने काढला, तर 'कँडी क्रश सागा' वाल्या किंग कंपनीने त्यांच्या व्यापारचिन्हाच्या अर्जाला हरकत घेतली. एप्रिल २०१४ मध्ये समेट होऊन त्यांना नाव ठेवता आले. पण आपल्या खिशात वकिलाचे पैसे आहेत का, हे आधी विचारावे. मी त्यांना सरकारच्या संकेतस्थळावर फुकट शोध घ्यायला बसवले. तिथे सारख्या उच्चाराची नावेही शोधता येतात. संगणकावर उतरवून घ्यायचे खेळ वर्ग ९ मध्ये येतात, ऑनलाइन मनोरंजनाची सेवा वर्ग ४१ मध्ये. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाचे ४,५०० रुपये पडतात. तपासणी झाल्यावर चिन्ह जर्नलमध्ये छापतात, चार महिने हरकतीला असतात. नोंदणी झाली तर दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. नोंदणीचे मुख्य कार्यालय मुंबईतच, अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात आहे, तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांना ते लांबही नाही. नावापुढे टी आणि एम ही अक्षरे अर्ज करण्याआधीही लावता येतात. वर्तुळातला आर मात्र नोंदणी झाल्याशिवाय लावायचा नाही, त्याला दंड आहे. नुसते वर्णन करणारे नाव सहसा नोंदले जात नाही, म्हणून 'पाणी भरा' असे नाव ठेवू नये. मुलांनी शेवटी वेगळेच नाव शोधले. अर्ज गेला आहे, निकाल यायचा आहे, म्हणून इथे छापत नाही.

दुकानाचा खर्च फार नाही. स्टीमवर एका खेळाला शंभर डॉलर भरावे लागतात, हजार डॉलरची विक्री झाली की ते परत मिळतात. गुगल प्लेवर खाते उघडायला एकदाच २५ डॉलर. स्टीमच्या फॉर्ममध्ये हेही विचारतात की खेळात कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेले काही आहे का, तिथे खरे तेच लिहावे. आणि खेळातल्या सगळ्या वस्तूंवर तुमचा हक्क आहे अशी हमी ही दुकाने करारातच घेतात. वहीचा उपयोग तिथे होतो.

सिनेमाचे गाणे काढल्यावर नळाजवळ काय वाजवायचे हा प्रश्न होता. संगीतवाल्या मुलाने माझ्या ताईला ओवी म्हणायला लावली. ती घरकामाला जाते, ओव्या तिला तिच्या आजीकडून आलेल्या. परंपरेच्या ओवीवर कुणाचा हक्क नाही, पण तिने नळावरच्या रांगेच्या दोन ओळी स्वतः जोडल्या, त्या तिच्या. आणि म्हणणाऱ्याच्या आवाजावरही कायद्याने हक्क असतो, कलाकाराचा हक्क म्हणतात त्याला, पन्नास वर्षांचा. मी तिच्याकडूनही लेखी परवानगी घेतली. "माझ्याच पोराला परवानगी?" म्हणून ती हसली, "आणि माझं कसलं नाव लावताय?" सही मात्र तिने पूर्ण नावानिशी केली.

गेल्या महिन्यात तिला खेळाची श्रेयनामावली दाखवली. चित्रकाराचे नाव आहे, बाकी दोघांचे आहे, फाँटवाल्यांचे आहे, आवाज देणाऱ्या अनोळखी परदेशी माणसांची आहेत, गोडोच्या परवान्याचा मजकूर आहे. ताई वाचते, पण सावकाश. तिचे नाव वाचून व्हायच्या आत वर सरकून गेले. भाच्याने पुन्हा लावले, पुन्हा गेले. त्याने तिथेच बसून नावे सरकण्याचा वेग निम्मा केला. भांड्यांचा आवाज अजून मिळायचा आहे. तो ते उद्या पहाटे आमच्याच नळावर भरून घेणार आहेत, चारला उठवायला मला सांगितले आहे.